वजनाचा शेरा

परप्रांतात नोकरी करणारा मराठी माणूस दोन-तीन वर्षांनी रजेवर घरी गेला म्हणजे त्याच्या बढतीची किंवा मुलांच्या अभ्यासाची चौकशी होण्यापूर्वी त्याच्या वजनाचा निकाल लागतो. उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच 'अरे, किती वाळलास!' किंवा 'चांगलाच सुधारलास की रे!' यांपैकी एक उद्गार त्याच्या कानी पडतो. आमच्या वाट्याला आजवर पहिला उद्गार आला आणि आमच्या पत्नीच्या वाट्याला दुसरा. आमची आत्या दारातच तिचा हात धरून म्हणे, 'अगं, तिकडचं पाणी मानवलं हो तुला!' पंधरा वर्षांपूर्वी या वाक्यात निखळ कौतुक होते. पुढे वाक्य तेच राहिले, पण त्यातले कौतुक हळूहळू आटत गेले आणि त्याची जागा एका निराळ्याच सुराने घेतली. तो सूर कोठून आला आणि त्याने माणसांचे किती नुकसान होते, याविषयी आज थोडे लिहावे असा आमचा विचार आहे.

आपल्या भाषांना जाडीविषयी मूळचा राग नाही. तान्ह्या मुलाने बाळसे धरले म्हणजे घरात आनंद होतो. ते गुटगुटीत असावे अशी सर्वांची इच्छा असते, आणि सुदृढ बालकांच्या स्पर्धा भरवून आपण त्यांना बक्षिसेही देतो. मोठा माणूस अंग धरू लागला की तो खात्यापित्या घरचा दिसतो. नोकरीच्या निमित्ताने आम्ही उत्तरेत व पूर्वेकडे हिंडलो, तेव्हा तेथेही हाच प्रकार आढळला. हिंदी मुलखात जाड माणसाला सभ्यपणे 'सेहतमंद' म्हणतात. बंगाल्यांत कोणाचे 'स्वास्थ्य' चांगले झाले असे म्हटले की तो भरला असा अर्थ घ्यावयाचा. ज्या देशाने १९४३ चा बंगालचा दुष्काळ व १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ पाहिला, तेथे अंगावरचे मूठभर मांस ही अडीअडचणीची ठेव वाटावी यात नवल नाही. परंतु याच भाषांच्या अडगळीत दुसराही एक शब्दसंग्रह पडलेला असतो. भोपळा, ढोल, हत्ती, लठ्ठंभारती हे शब्द शाळेत जाणारे प्रत्येक मूल कोणी न शिकवता शिकते. गुटगुटीत बाळाला बक्षीस देणारा समाज त्याच बाळाला दहाव्या वर्षी भोपळा म्हणू लागतो. मधल्या काळात काय बिघडले, हे त्या मुलाला कोणीच समजावून सांगत नाही.

मौज अशी की माणसाच्या बाकीच्या वैगुण्यांविषयी आपण बहुधा मौन पाळतो. एखाद्याला कर्ज झाले असेल, त्याचा मुलगा नापास झाला असेल, तर त्याच्या तोंडावर तसे बोलणे आपण असभ्यपणाचे समजतो. वजन मात्र सार्वजनिक मालमत्ता आहे. आगगाडीच्या डब्यात समोर बसलेले संपूर्ण अपरिचित गृहस्थ आमच्या पत्नीला रात्री भात वर्ज्य करण्याचा सल्ला देतात, आणि उतरण्यापूर्वी कोमट पाण्यात लिंबू पिळण्याचे प्रमाणही सांगून जातात. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक बसू लागले की स्थूल बाईंना कोणती भूमिका मिळणार हे वाचनापूर्वीच ठरलेले असते. त्यांनी खाण्याची बशी घेऊन रंगमंचावर यावयाचे आणि प्रेक्षकांनी हसावयाचे. संवाद चांगला असण्याची तेथे आवश्यकताच उरत नाही.

हिंदी चित्रपटसृष्टीने या हास्यावर पुष्कळ वर्षे गुजराण केली. उमादेवी खत्री या गायिकेचे १९४७ च्या 'दर्द' या चित्रपटातले गाणे देशभर गाजले होते. पुढे १९५० च्या 'बाबुल'पासून त्या पडद्यावर दिसू लागल्या आणि टुणटुण या नावाने सर्वांना ठाऊक झाल्या. त्यांची विनोदाची जाण उत्तम होती, हे निर्विवाद. पण प्रेक्षकांना त्या पडद्यावर येताच हसू फुटे, त्यांनी तोंड उघडण्याची वाट कोणी पाहत नसे. त्यांचा कंठ मागे पडला आणि देह पुढे आला. टुणटुण हे नाव मग शाळाशाळांतून अशा मुलींना मिळू लागले, ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता.

वास्तविक अशा हास्याचे काय होते याविषयी आपल्या पूर्वजांनी एक कथा सांगून ठेवली आहे. उंदरावरून जाणारे गणराज पडले आणि त्यांचे पोट पाहून चंद्र हसला. त्याबद्दल शाप मिळाला तो चंद्राला. गणपतीला पोट कमी करण्याचा उपदेश कोणी केल्याचे ऐकिवात नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण आजही चंद्राकडे पाहत नाही. पण त्याच रात्री मंडपातल्या नाटकात स्थूल बाई प्रवेश करतात आणि सारा मंडप हसतो. लंबोदर मखरात बसून तेही पाहत असतो.

वैद्यकाची गोष्ट याहून गंभीर आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच 'अष्टौनिन्दितीय' असे आहे. फार उंच, फार ठेंगू, अंगभर केस असलेला, मुळीच केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार स्थूल व फार कृश असे आठ पुरुष तेथे निंदित म्हणून सांगितले आहेत. निंदा हा शब्द वैद्यकाच्या ग्रंथात शिरला आहे, हे वाचून आम्हांला प्रथम विषाद वाटला. परंतु पुढे वाचू जाता असे दिसते की चरकाची दृष्टी त्या शब्दाहून पुष्कळ मोकळी होती. निंदितांच्या यादीत त्याने स्थूलाच्या शेजारी कृशालाही बसवले आहे. स्थूलतेची कारणे देताना अति आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांबरोबर त्याने 'बीजस्वभाव' हेही एक कारण सांगितले आहे. म्हणजे आईबापांकडून आलेली देहाची ठेवण. १९८६ साली डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातूनही हेच निष्पन्न झाले. त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईबापांशी जुळली. ज्यांच्या घरी जेवूनखाऊन ती माणसे वाढली, त्यांच्याशी नव्हे. इतके असूनही जाड माणूस दिसला की त्याच्या जेवणाचे ताटच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते.

आता आमच्या घरची हकीकत सांगितली पाहिजे. बदलीच्या नोकरीत माणूस ज्या अनेक गोष्टींना मुकतो, त्यांत घरचा डॉक्टर ही एक मोठी गोष्ट आहे. आमच्या लहानपणी गावात एकच डॉक्टर असत. आमच्या आजोबांना कोणते औषध मानवत नाही आणि आमच्या आईला कोणत्या ऋतूत दम लागतो, हे त्यांना न विचारता ठाऊक असे. आम्हां फिरत्या लोकांना दर तीन वर्षांनी नवा दवाखाना आणि नवा डॉक्टर मिळतो. त्याने आपल्याला पूर्वी कधी पाहिलेले नसते, पुढे पाहण्याचा फारसा संभव नसतो, आणि बाहेर रांग लागलेली असते. अशा वेळी त्याच्या नजरेला सर्वांत आधी जे दिसते, त्यावरच तो विसंबतो. आमच्या पत्नीची उंची पाच फूट एक इंच व वजन ८१ किलो. तेव्हा त्याला काय दिसले असेल, हे सांगणे नको.

लखनौला असताना तिला जिना चढताना दम लागू लागला. सरकारी निवासस्थान चौथ्या मजल्यावर होते आणि उद्वाहक नव्हता. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभे केले, आकडा पाहिला आणि पंधरा किलो कमी करून या असे सांगितले. तपासणी तेथेच संपली. पुढे आमची बदली पाटण्याला झाली. तोवर तिला रात्री सपाट उशीवर झोपता येईनासे झाले होते. दोन उशा लागत, छातीत धडधड होई. तेथील डॉक्टरांनी मान वर न करता आहाराचा एक छापील कागद पुढे सरकवला. तिने भात सोडला, साखर सोडली, पहाटे चालावयास जाऊ लागली. शंभर पावलांवर तिला थांबावे लागे. याची तक्रार केली तेव्हा तिला उत्तर मिळाले, 'बाई, सुरुवातीला आळस हा वाटायचाच.' त्यानंतर एक वर्षभर ती कोणत्याही डॉक्टरकडे गेली नाही. ती आम्हांला म्हणाली, 'ते काय सांगणार ते मला ठाऊक आहे. ते ऐकण्यासाठी रांगेत कशाला उभी राहू?' या वाक्याला आम्हांला उत्तर सुचले नाही.

कोलकात्यास आल्यावर एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून ती एका वयस्क डॉक्टरांकडे गेली. त्यांनी काट्याचे नाव काढले नाही. प्रथम विचारले, 'लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?' आला होता. वयाच्या बाराव्या वर्षी दोन महिने ती अंथरुणावर होती; पण ही गोष्ट तोपर्यंत तिला कोणी विचारलीच नव्हती. नंतर त्यांनी तिला डाव्या कुशीवर निजवून छातीला नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. त्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप अरुंद करून ठेवली होती आणि वर्षानुवर्षे ती अधिकच आवळत चालली होती. इकोकार्डिओग्रामने त्यांच्या कानांची ग्वाही दिली. मांडीच्या सांध्यातील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवून ती झडप मोकळी करण्यात आली. चारच दिवसांनी आमची पत्नी एका उशीवर झोपली. महिन्याभराने ती आमच्या पुढे दोन पायऱ्या ठेवून जिना चढली. तिचे वजन त्या दिवशी ८१ किलोच होते. श्वास परत आला, वजन आहे तेथेच राहिले. आणि ज्या आकड्यावर तीन वर्षे सारा दोष ठेवला गेला, त्याचा या दुखण्याशी मुळात संबंध नव्हता. हे कळल्यावर नातेवाइकांची पत्रे आली. त्यांतील निम्म्या पत्रांच्या शेवटी, आता तरी वजनाकडे लक्ष द्यावे, अशी प्रेमळ सूचना होती!

याच सुमारास आमचीही एक कथा घडली. आमची उंची पाच फूट सात इंच व वजन ५७ किलो. डॉक्टर मंडळी आम्हांला पाहून प्रसन्न होत. वार्षिक वैद्यकीय तपासणीत आमच्या रक्तातील साखर पुष्कळ वाढलेली आढळली, तेव्हा डॉक्टर आम्हांकडे न पाहता कागदाकडेच संशयाने पाहू लागले. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी असा तर्क त्यांनी केला आणि पुन्हा रक्त घेण्यास सांगितले. दुसऱ्या वेळीही साखर तितकीच निघाली. मग सर्वांनी हळहळ व्यक्त केली. कामाचा ताण, बदल्यांची दगदग, आनुवंशिकता अशी नाना कारणे आमच्यासाठी शोधण्यात आली. आम्ही गोड किती खातो, हे कोणीही विचारले नाही. वस्तुतः घरात श्रीखंडाची वाटी दुसऱ्यांदा पुढे करणारे आम्हीच. एका घरात, एका ताटातले अन्न खाणारी दोन माणसे आजारी पडली. त्यांतील कृशाचा रोग हे त्याचे दुर्दैव ठरले आणि स्थूलेचा रोग हा तिचा अपराध ठरला. तिच्याकडे आकड्यापलीकडे कोणी पाहिले नाही आणि आमच्या बाबतीत खुद्द रक्तावर कोणी विश्वास ठेवला नाही. काट्याने दोघांनाही फसवले. मात्र बोलणी एकटीलाच खावी लागली.

या फसवणुकीचा उलगडा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार सुंदर रीतीने केला आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाच्या गणिताने दोघांचा निर्देशांक अगदी एकच, म्हणजे २२.३ होता. परंतु देहातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसण्यात सडपातळ आणि आतून चरबीयुक्त असा हा भारतीय देह जन्मतःच तसा घडू लागतो, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व अर्भके यांच्या अभ्यासातून याज्ञिकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आम्हांला साखर का झाली, याचे उत्तर त्या छायाचित्रात आहे. काटा फक्त भार सांगतो. तो भार हाडाचा, स्नायूचा की चरबीचा, आणि चरबी असलीच तर ती कोठे साठली आहे, हे त्याला ठाऊक नसते.

ज्या निर्देशांकाचा एवढा दरारा आहे, त्याची वंशावळ पाहिली तर आणखी गंमत वाटते. तो प्रथम मांडणारे अ‍ॅडॉल्फ क्वेटले हे बेल्जियममधील खगोलशास्त्रज्ञ. वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता. ताऱ्यांच्या वेधांतील सरासरी काढता काढता माणसांतही एखादा 'सरासरी मनुष्य' सापडतो की काय, हे ते शोधू लागले. प्रौढ माणसाचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना १८३० नंतरच्या दशकात आढळले. कोण रोगी व कोण निरोगी हे ठरवण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. पुढे अमेरिकेतील विमा कंपन्यांनी आपल्या धंद्याच्या सोयीसाठी वजनाची कोष्टके केली. १९४२-४३ साली निघालेल्या अशा एका कोष्टकातील वजनांना 'आदर्श' म्हणण्यात आले. १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी क्वेटले यांच्या जुन्या गणिताला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. तेही मोठ्या समूहांच्या अभ्यासासाठी. समूहासाठी केलेले माप एकट्या माणसाच्या छातीवर बिल्ल्यासारखे लागले, ते त्यानंतर.

रेघही स्थिर राहिलेली नाही. १९९८ साली अमेरिकेत अतिरिक्त वजनाची मर्यादा २५ वर आणण्यात आली, आणि कोट्यवधी माणसे एका रात्रीत, एक घासही जास्त न खाता, जाड झाली. २००९ साली आपल्याकडील तज्ज्ञांनी भारतीयांसाठी ती मर्यादा २३ केली. त्यामागे याज्ञिकांसारख्यांच्या निष्कर्षांचे सबळ कारण होते, हे आम्ही मान्य करतो. तथापि रेघ ही माणसांनी आखलेली आहे, ती कोणाच्या चारित्र्यातून गेलेली नाही, एवढे तरी ध्यानात राहावयास हवे. २०२५ च्या जानेवारीत जगातील अनेक तज्ज्ञांच्या आयोगाने 'लॅन्सेट'च्याच एका नियतकालिकातून हे स्पष्ट सांगितले, की केवळ या निर्देशांकावरून कोणाला रोगी ठरवू नये. चरबी प्रत्यक्ष मोजावी अथवा कमरेचा घेर पाहावा, आणि तिच्यामुळे एखाद्या इंद्रियाचे काम बिघडले आहे काय याचा शोध घ्यावा. कोलकात्याच्या त्या डॉक्टरांनी हेच केले होते. त्यांनी आधी इंद्रियाची विचारपूस केली.

वजनाचा प्रश्न आता दवाखान्यातून कचेरीतही आला आहे, म्हणून आमच्या वाचकांपैकी अनेकांना तो परका वाटणार नाही. २०२३ साली आसामच्या पोलीसदलात सर्वांचा निर्देशांक मोजण्यात आला. ज्यांचा ३० च्या वर होता त्यांना तो उतरवण्यास तीन महिन्यांची मुदत व त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय, असे धोरण जाहीर झाले. थायरॉईडसारख्या खऱ्या व्याधीने जे जाड झाले असतील, त्यांना सवलत ठेवण्यात आली. पोलिसाला धावता आले पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. मग त्याला धावावयासच लावावे आणि तो किती धावतो ते पाहावे. आम्हांला विचार करावयास लावले ते त्या सवलतीने. जाडीची दोन खाती आहेत, एक निरपराध आणि दुसरे अपराधी, असा आपला सर्वांचाच समज आहे. ज्याच्यापाशी दाखला असेल तो सुटला. बाकीचे आपापल्या जिभेचे गुन्हेगार. आमच्या पत्नीच्या हृदयाची झडप निघाली तेव्हा शेजारच्या बाईंनी तिची समजूत घातली, 'अहो, म्हणजे तुमचा काही दोष नव्हता तर!' त्या भल्या बाईंच्या मनात आले नाही, की झडप ठीक असती तरीही त्या जिन्यावर दम लागणाऱ्या माणसाचा दोष काढण्याचे कारण नव्हते.

लाज वाटली की माणूस सुधारतो, अशी एक जुनी समजूत आहे आणि पुष्कळ सज्जन माणसे तिच्यापोटीच टोचून बोलतात. अनुभव उलट आहे. अमेरिकेतील हजारो प्रौढांच्या नोंदी चार वर्षांच्या अंतराने तपासून २०१३ साली असे प्रसिद्ध झाले, की वजनावरून हिणवले गेल्याचे ज्यांनी सांगितले होते, त्यांच्या बाबतीत पुढे लठ्ठ होण्याचा संभव इतरांच्या सुमारे अडीच पट होता. डॉक्टरांविषयीही एक पाहणी आहे. टेक्सासमधील डॉक्टरांपुढे अर्धशिशीची एकच तक्रार असलेले, पण वजनाने वेगवेगळे असे रुग्ण कागदावर मांडण्यात आले. जाड रुग्णाला आपण कमी वेळ देऊ असे त्यांच्या उत्तरांतून दिसले. २००१ सालची ही गोष्ट. डोके दुखत असताना पोटाचा घेर आड यावा, हे विलक्षण नव्हे काय? २०२० साली अनेक देशांच्या वैद्यकीय संस्थांनी एकत्र येऊन हा कलंक दूर करण्याची प्रतिज्ञा केली, तेव्हा रोग व निंदा यांची फारकत करण्याची गरज डॉक्टरांनाही पटू लागली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

याचा अर्थ वजन वाढू द्यावे असा कोणी करू नये. वाढलेल्या चरबीने मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज यांचा धोका वाढतो, हे शास्त्र आहे आणि त्यापुढे आमच्या लेखणीची मातब्बरी नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा जादा वजनाचा आढळला. २०२५ सालापासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्याकडेही विकत मिळू लागली. ज्यांना ती परवडतात ते ती घेऊ लागले, तर आता त्यांच्यामागे 'मेहनत न करता बारीक झाला' असे बोलले जाते. म्हणजे जाड असणे हा दोष, आणि औषधाने बारीक होणे हाही दोष! आपल्याला त्या माणसाचे आरोग्य हवे आहे की त्याचे प्रायश्चित्त, हा प्रश्न यातून आपोआप उभा राहतो.

आम्हां कचेरीतल्या माणसांना एक शिस्त पहिल्या दिवसापासून शिकवलेली असते. फाईल आली की ती आधी वाचावयाची, मागील टिपणे पाहावयाची, आणि मगच तिच्यावर शेरा मारावयाचा. बाहेरची जाडी पाहून शेरा मारणारा अधिकारी आम्ही तरी पाहिला नाही. असला तरी त्याचा निर्णय वरच्या कचेरीत टिकणार नाही. माणसाच्या बाबतीत हा साधा नियम आपण का सोडून देतो, हे आम्हांला उमगत नाही. आमच्या पत्नीच्या फाईलमध्ये बाराव्या वर्षीचा ताप होता, दोन उशा होत्या, शंभर पावलांवर लागणारा दम होता. तिच्यावर तीन वर्षे शेरा मारला गेला तो मात्र मुखपृष्ठावरचा आकडा पाहून.

गेल्या वर्षी आमची पुन्हा बदली झाली. नव्या गावी, नव्या दवाखान्यात ती खोकल्यासाठी गेली होती. परिचारिकेने सवयीने काट्याकडे बोट केले. आमची पत्नी खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, 'वजन मागाहून घ्या. खोकला आठ दिवसांपासून आहे, त्याविषयी आधी सांगते.' डॉक्टर तरुण होते. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले, लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, 'सांगा.'